नाकातनं द्यायची लस: माझे कण ४ मायक्रॉनचे आलेत, आता काय करू? (धागा जरा लांब आहे)

फॉर्म्युलेशनवाली:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचीच, एम फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, गाईड इथं येऊन वाचत असले तर उगाच नको. माझा विषय म्हणजे नाकातून लस द्यायची म्हणून कायटोसान नावाच्या, शेंबडाला धरून राहणाऱ्या पदार्थाचे सूक्ष्मकण. खरी लस आमच्या लॅबमध्ये कुठनं येणार, म्हणून अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन हेच लस समजून वापरायचं, तशी पद्धतच आहे. ते कायटोसानच्या पातळ द्रावणात घालायचं आणि स्प्रे ड्रायरनं उडवून पावडर करायची. पावडर मस्त पांढरी आली, साइज मोजली तर सरासरी ४ मायक्रॉन. मी खुश, कारण जो तो पेपर "जितके बारीक तितकं चांगलं" असंच म्हणतोय.

परवा बाहेरचे परीक्षक आलेले. त्यांनी एकच विचारलं, "हे नाकात थांबणार का डायरेक्ट फुफ्फुसात जाणार?" मी गप्प. गाईडसुद्धा माझ्याकडंच बघायले, जसं काय साइज मीच एकटीनं ठरवली होती. सबमिशनला सहा आठवडे आहेत. कुणाला काही सुचत असेल तर सांगा, आणि ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांनी पण विचारा, समजावून सांगताना माझंच डोकं साफ होतं.

नळ_आला_का:
काय बे, मला वाटलं नळाला पाणी कधी येणार ह्याचा धागा आहे. ४ मायक्रॉन म्हणजे किती ते आधी सांग ताई. आणि दंडात सुई मारून काम होतंय तर नाकात कशाला शिरायचं?

फॉर्म्युलेशनवाली:
केस साधारण ७० मायक्रॉन जाड धर, म्हणजे त्याच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्याइतका एक कण.

नाकात कशाला, तर फ्लू काय, कोविड काय, शिरतात नाकातनं. दंडात सुई मारली की रक्तात अँटिबॉडी भरपूर तयार होतात, त्या फुफ्फुस वाचवतात, माणूस आयसीयूत जायचा वाचतो, ते महत्त्वाचं आहेच. पण नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर जी वेगळी अँटिबॉडी लागते, आयजीए, ती दंडातल्या सुईनं फारशी येत नाही. म्हणजे वाड्याच्या आत माणसं उभी आहेत पण दिंडीदरवाजा उघडाच. म्हणून तर सुया घेतलेल्यांना पण कोविड होत होता, सर्दीवर निभावत होतं एवढंच. पोलिओचं आठव, तोंडात दोन थेंब का देत होते? तो विषाणू आतड्यात वाढतो आणि थेंबानं आतड्याच्या अस्तरावरच पहारा बसतो. सुईच्या पोलिओ लसीनं लकवा टळतो पण आतड्यातला पहारा तेवढा पक्का बसत नाही.

कडक_भाकरी:
माफ करा पण मी नाकातले थेंब घेतलेला माणूस आहे. २०२३ ला ८०० रुपये अधिक टॅक्स देऊन. आणि चार महिन्यांत मला कोविड झालाच. तेव्हा हे दरवाजा-बिरवाजा मला सांगू नका.

फॉर्म्युलेशनवाली:
दादा, तुम्ही घेतलेली इन्कोव्हॅक असणार, भारत बायोटेकची. सप्टेंबर २०२२ ला परवानगी मिळाली आणि २६ जानेवारी २०२३ ला बाजारात आली. त्यात चिंपांझीचा अॅडिनोव्हायरस गाडी म्हणून वापरलाय, एकेका नाकपुडीत चार-चार थेंब. त्यात माझ्यासारखे कण-बिण काही नाहीत. पुण्याच्या सीरमची नॅसोव्हॅक २०१० ची, स्वाइन फ्लूच्या वेळची, त्यात दुबळा केलेला जिवंत फ्लूचा विषाणू. अमेरिकेतली फ्लूमिस्ट २००३ पासून आहे, ती पण तशीच. म्हणजे ह्या तिन्ही लसी विषाणूलाच कामाला लावतात, तो स्वतःच पेशीत घुसतो. आम्ही कणवाले अजून दाराबाहेर चपला काढतोय.

आणि संसर्ग शंभर टक्के थांबेल असं मी कुठल्याच लसीबद्दल म्हणणार नाही. ऑक्सफर्डवाल्यांनी आपली कोविशिल्डवाली लस नाकात फवारून बघितली, २०२२ ला निकाल आला, अगदीच निराशाजनक. त्यांना स्वतःलाच शंका आली की बरीचशी लस घशातनं पोटात जाऊन पचली असणार. माझ्या सगळ्या थिसिसचा मुद्दा ह्या एका वाक्यात आहे बघा. नाकात घातलेलं नाकात राहातच नाही.

कान_नाक_घसा:
बरोबर. मी ह्याच धंद्यातला असल्याने थोडी भर. नाकाच्या आत केसांपेक्षा कितीतरी बारीक अशी लव असते, ती सेकंदाला दहा-वीस वेळा हलते आणि शेंबडाचा पातळ थर सतत मागे घशाकडे ढकलत असते, मिनिटाला साधारण ५-६ मिलिमीटर. तुम्ही दिवसभर नकळत तो गिळत असता (जेवताना हा धागा वाचत असाल तर सॉरी). पेशंटचं हे काम नीट चाललंय का बघायला जुनी सोपी टेस्ट आहे, सॅकरिनचा बारीक दाणा नाकात पुढे ठेवायचा आणि घशात गोड कधी लागतंय ते घड्याळात बघायचं. निरोगी माणसाला वीसेक मिनिटांत गोड लागतं. म्हणजे लसीकडे तेवढाच वेळ आहे.

नळ_आला_का:
आमचे आजोबा तपकीर ओढायचे, शिंक आली की सगळी धोतरावर. लस घेऊन शिंकलो तर ८०० रुपये गेले म्हणा की.

कान_नाक_घसा:
हसू नका, आजोबांचं उदाहरण चपखल आहे. तपकिरीतलं निकोटिन शिंकेच्या आत रक्तात पोचतं म्हणूनच तर सवय लागते. निकोटिनचा रेणू लहान, पटकन आत जातो. लसीतलं प्रोटीन त्याच्यापुढं हत्ती.

खळवाला:
मी कापडाच्या प्रोसेसिंगमधून रिटायर झालेला माणूस आहे, औषधातलं मला काही कळत नाही पण चिकटवणं ह्या विषयावर तीस वर्षं पगार घेतलाय. ताण्याला खळ देताना आमचा पहिला प्रश्न हाच असायचा की खळ सुताला धरली पाहिजे, मागावर धागा तुटू नये इतपत, आणि रंगाला घेताना निघून पण गेली पाहिजे. कायम चिकटून बसली तरी डोकेदुखी आणि धरलीच नाही तरी डोकेदुखी. तर पोरी तुझं हे कायटोसान शेंबडाला का धरतं ते सांग. आणि धरल्यावर सुटतं का.

फॉर्म्युलेशनवाली:
काका, परीक्षकांपेक्षा तुमचा प्रश्न भारी आहे.

कोळंबी-खेकड्याच्या टरफलात कायटिन असतं. आधी आम्लानं त्यातला चुना काढतात, अल्कलीनं प्रोटीन काढतात, मग कडक कॉस्टिकमध्ये उकळून कायटिनवरचे अॅसिटाइलचे गट उडवतात, झालं कायटोसान. साध्या पाण्यात विरघळत नाही, पण व्हिनेगरसारख्या पातळ आम्लात विरघळतं आणि तिथं त्याच्यावर धन भार येतो. शेंबडातलं जे म्युसिन, त्याच्यावर सियालिक आम्लामुळं ऋण भार. त्यामुळं दोघं एकमेकांना धरतात. नाकाचं पीएच साडेपाच ते साडेसहा, तिथं कायटोसानवर भार टिकतो. जरा वर साताकडं गेलं की भार उतरतो, म्हणून काही लोक त्याच्यावर मिथाइलचे गट लावून ट्रायमिथाइल कायटोसान करतात, ते सातला पण चालतं.

दुसरं म्हणजे कोरडी पावडर अस्तरावर पडली की तिथलंच पाणी शोषून फुगते, जेलसारखी होते. तेवढ्यात पेशींमधल्या घट्ट शिवणी थोडा वेळ सैल पडतात आणि लस आत सरकायला फट मिळते. मग परत घट्ट होतात. आणि सुटतं काका, कारण शेंबूडच सतत नवा येतो, जुना थर गेला की कण पण गेले. कायमचं चिकटलं असतं तर मी हा विषयच घेतला नसता.

शाकाहारी_सोलापूरकर:
म्हणजे ही लस नॉनव्हेज आहे. आमच्या घरात एकादशीला कांदा चालत नाही आणि नाकात कोळंबी??

फॉर्म्युलेशनवाली:
बुरशीच्या आणि मशरूमच्या पेशीभिंतीतपण कायटिन असतं, त्यापासून पण कायटोसान काढतात, ते घ्या 🙂 आणि कोळंबीची अॅलर्जी असणारे विचारतीलच म्हणून आधीच सांगते, ती अॅलर्जी मुख्यतः कोळंबीच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन ह्या प्रोटीनची असते, टरफलातल्या साखरेच्या साखळीची नव्हे. तरी शुद्धीकरणात प्रोटीन मागं राहिलं नाही हे तपासावंच लागतं.

खळवाला:
अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळातला डिंक, तो का नाही वापरत? आमच्याकडं रिअॅक्टिव्ह रंगाच्या छपाईला पेस्ट अल्जिनेटचीच असायची. स्टार्च घातलं तर रंग कापड सोडून स्टार्चलाच धरतो, अल्जिनेटला धरत नाही. एकदा काय झालं, नळाला पाणी नाही म्हणून पोरानं बोअरच्या पाण्यात पेस्ट कालवली, आपलं बोअरचं पाणी तर तुम्हाला माहीतच आहे बादलीला पांढरे थर बसतात. पाच मिनिटांत पेस्टच्या गुठळ्या, साबुदाण्यासारख्या, जाळी चोंदली, सबंध बॅच गेली आणि वर मालकाचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. तेव्हापासून हेक्सामेटाफॉस्फेट, आम्ही नुसतं हेक्सा म्हणायचो, ते घातल्याशिवाय पेस्टला हात लावू दिला नाही कुणाला.

फॉर्म्युलेशनवाली:
काका!! तुम्ही नकळत अल्जिनेटचे कण बनवलेत. आम्ही मुद्दाम करतो तेच. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात लस घालायची आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडायचं. कॅल्शियमला दोन हात, तो दोन साखळ्या धरून ठेवतो आणि थेंबाचा मणी होतो. तुमच्या बोअरच्या पाण्यात तोच कॅल्शियम होता आणि हेक्सा त्याला आधीच पकडून ठेवायचं म्हणून गुठळ्या व्हायच्या नाहीत. कायटोसानचं उलटं. ते धन, म्हणून त्याला ऋण पकडणारा लागतो, तर आम्ही ट्रायपॉलिफॉस्फेट वापरतो, म्हणजे तुमच्या हेक्साचंच भावंड. नुसतं ढवळता ढवळता घातलं की द्रावण दुधाळ होतं, समजायचं कण झाले. उष्णता नाही, जळजळीत सॉल्व्हंट नाही, प्रोटीनला त्रास नाही. अल्जिनेटवर भार ऋण असतो त्यामुळं ते म्युसिनला कायटोसानसारखं ओढत नाही, म्हणून बरेच जण आत अल्जिनेट आणि वरून कायटोसानचा लेप असं करतात.

पीएलजीए म्हणून अजून एक आहे, आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याच्या घराण्यातलं. पण त्याला क्लोरीनवाला सॉल्व्हंट लागतो आणि विरघळताना कणाच्या पोटात आम्ल साठतं, नाजूक प्रोटीन तिथंच खराब होऊ शकतं.

कडक_भाकरी:
स्प्रे ड्रायरमध्ये पण गरम हवा असतेच की. मग प्रोटीन शिजत नाही का? अंड्याचं पांढरं म्हणताय, ऑम्लेट होत नसेल?

फॉर्म्युलेशनवाली:
चांगला हाणलात 😄 आपल्या माठाचं तत्त्व. बाहेर ४३ डिग्री, माठातलं पाणी गार, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. थेंबातलं पाणी उडेपर्यंत थेंब स्वतः हवेपेक्षा बराच गार असतो, आणि सुकला की लगेच बाहेर खेचला जातो. बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान सांभाळलं की बऱ्यापैकी जमतं. तरी थोडं नुकसान होतंच, खोटं कशाला बोला.

उपकेंद्र_सिस्टर:
मी पीएचसीला आहे, गाव सांगत नाही. तुमचं सगळं वाचलं, अर्धं कळलं. मला एकच सांगा, पावडर असेल तर ती फ्रिजबाहेर टिकेल का? मे महिन्यात लाइट गेली की माझा जीव आयएलआरच्या, म्हणजे लसीच्या फ्रिजच्या, थर्मामीटरवर. सेशनला निघताना कॅरिअरमध्ये आइसपॅक घालायचे, ते पण घाम फुटल्यावरच, कारण कडक गोठलेले घातले तर पेंटा (बाळांची पाच रोगांवरची लस) गोठून वाया जाते. मग प्रत्येक शिशीवरचा, उष्णता लागली की काळा पडणारा चौकोन बघायचा, आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका काळा झाला की शिशी बाद. वाडीवस्तीवर पोचेपर्यंत निम्मं लक्ष डब्यातच. आणि दुसरं, रडणाऱ्या बाळाच्या नाकात फुकणार कसं? ते डोकं हलवतंय, शेंबूड वाहतोय.

फॉर्म्युलेशनवाली:
सिस्टर, कोरड्या पावडरीचं सगळ्यात मोठं आकर्षण तेच आहे. प्रोटीन बिघडतं ते मुख्यतः पाण्यात असताना. पाणी काढलं आणि ट्रेहॅलोज किंवा मॅनिटॉलसारखी साखर सोबत ठेवली तर ते बराच काळ तग धरतं. पण "फ्रिज लागत नाही" असं मी माझ्या पावडरीबद्दल म्हणणार नाही, मी ४० डिग्रीला ठेवून बघितलंय ते फक्त तीन महिने. आणि दमट हवेत कायटोसान पाणी ओढतं, सोलापूरचा मे चालेल पण कोकणातला जुलै नाही चालणार.

बाळाच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. फ्लूमिस्टसुद्धा दोन वर्षांच्या आतल्यांना देत नाहीत, लहान बाळांमध्ये घरघर वाढलेली दिसली म्हणून.

मानमोडी:
मोहोळकडचा पोल्ट्रीवाला. तुमी लोक एवढा विचार करालाव, आमी पिल्लं सात दिवसाची झाली की लासोटा लस डोळ्यात नाय तर नाकात एक थेंब सोडतो आणि मोकळं. कोंबड्याच्या राणीखेत रोगाला लई भारी चालतंय.

कान_नाक_घसा:
तीही जिवंत विषाणूचीच लस, भाऊ. शिवाय कोंबडीची तक्रार कुणी नोंदवून घेत नाही. माणसात एकदा चटका बसलेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००० च्या हिवाळ्यात नाकातली फ्लू लस आली होती, त्यात मेलेल्या विषाणूचे भाग, आणि प्रतिकारशक्ती जागी व्हावी म्हणून ई-कोलाय जंतूचं एक विष घातलेलं. त्यानंतर चेहऱ्याचा अर्धा भाग लुळा पडण्याच्या केसेस दिसू लागल्या, बेल्स पाल्सी. नंतरच्या अभ्यासात लस घेणाऱ्यांत धोका सुमारे १९ पट निघाला. लस बंद झाली. नाकाच्या छतापलीकडे लगेच मेंदू आहे, तेव्हा इथं काय घालताय ह्याबाबत आम्ही लोक जरा चिडखोरच असतो.

फॉर्म्युलेशनवाली:
हे थिसिसमध्ये टाकते डॉक्टर, गाईडनी "निगेटिव्ह नको" म्हणून काढायला लावलं होतं. आणि नुसतं चिकटून भागत नाही हे पण ह्याच्यातनंच कळतं. नाक रोज धूळ, परागकण, मिरचीचा खकाणा आत घेतं, सगळ्यांशी भांडत बसलं तर जगणं अवघड, म्हणून ते बहुतेक गोष्टींकडं काणाडोळा करतं. चिकटलेल्या लसीकडं पण करू शकतं. म्हणून सोबत "हा शत्रू आहे" असं सांगणारं काहीतरी लागतंच. २०११ ला नोरोव्हायरसच्या लसीचा माणसांवर प्रयोग झाला, नाकात कोरडी पावडर, त्यात कायटोसान आणि सोबत एमपीएल नावाचा उद्दीपक. मग मुद्दाम विषाणू पाजला. ज्यांना खोटी पावडर दिली त्यातले ६९ टक्के आजारी पडले, लसवाल्यांतले ३७. जेवढं वाचलं त्यात मला हाच सगळ्यात आशेचा वाटला.

पण माझे ४ मायक्रॉन राहिलेच की.

कान_नाक_घसा:
परीक्षकांचं बरोबर होतं. पावडर फुकणार असाल तर १० मायक्रॉनच्या वरचे कण नाकात आपटून बसतात, ५ च्या खालचे हवेबरोबर वळणं घेत खाली जातात. पण हीच पावडर पाण्यात कालवून स्प्रेनं दिली तर कणाचा आकार गौण, थेंबाचा आकार महत्त्वाचा, आणि नाकाच्या स्प्रेचा थेंब साधारण ३० ते १०० मायक्रॉनचा, तो नाकातच थांबतो.

फॉर्म्युलेशनवाली:
अहो पण पाण्यात कालवलं की सिस्टरांचा फ्रिज परत आला. आणि मोठे कण केले तर पुढचं अडतं, अस्तरातल्या ज्या पेशी कण गिळून आत देतात त्यांना बारीकच लागतात. पोचायला मोठा पाहिजे, गिळायला बारीक.

खळवाला:
राजगिऱ्याचा लाडू कर.

नळ_आला_का:
काका उपास आहे का आज

खळवाला:
अरे दाणा बारीकच ठेवायचा, पण गुळात बांधून लाडू करायचा. फेकताना लाडू जातो, तोंडात गेला की दाणा दाणा सुटतो. तिच्याकडं ती साखर आहेच की, मॅनिटॉल का काय. पाण्यात विरघळते ना ती?

फॉर्म्युलेशनवाली:
विरघळते काका, चटकन. ३०-४० मायक्रॉनचे लाडू बांधले तर नाकात आपटतील, ओलाव्यानं मॅनिटॉल विरघळेल आणि ४ मायक्रॉनचे दाणे अस्तरावर मोकळे. म्हणजे माझी बॅच फेकायची गरजच नाही. बांधताना पाणी नको, कायटोसान फुगेल, अल्कोहोलनं ओलं करून चाळणीतनं काढून बघते.

*(नऊ दिवसांनी)*

फॉर्म्युलेशनवाली:
अपडेट. पहिला लाडू इतका कडक झाला की बफरमध्ये (पीएच ठरावीक ठेवणारं द्रावण) पण फुटेना. दुसरा हातात घेतला की पीठ. तिसऱ्यांदा मॅनिटॉल वाढवलं, आता सरासरी ३८ मायक्रॉन आणि ओलं झालं की दोन मिनिटांत सुटतंय. गाईड म्हणाले "मी तेच सांगणार होतो".

आता एक अडचण. बोकडाच्या नाकाच्या अस्तरावर पावडर टाकून वरून ६.४ पीएचचं बफर सोडायचं आणि किती टिकून राहते ते बघायचंय. दोनदा मटण मार्केटला गेले, दोन्ही वेळा मुंडकी आधीच भाजलेली. भाजलेल्या नाकाचा काही उपयोग नाही, अस्तर जिवंतासारखं लागतं. आणि बिनभाजलेलं मागितलं की दुकानदार असा बघतो जसं मी करणी करायला नेतेय.

नळ_आला_का:
ताई आपल्या मामाचंच दुकान आहे की. आधी सांगायचं ना. किती लागतील?

फॉर्म्युलेशनवाली:
सहा. कापल्यापासून दोन तासांत लॅबला पोचायला पाहिजेत. सोलायचं नाही, भाजायचं नाही, बर्फात डायरेक्ट ठेवायचं नाही, बफरची बाटली मी आणते.

नळ_आला_का:
रविवारी पहाटे साडेपाचला ये, मामाला सांगून ठेवतो. जिभा मात्र आमच्या, तेवढं आधीच ठरलेलं बरं.